दाराशी ठेवलेला तांब्या

आमच्या कंपनीत असेंब्लीच्या दाराशी काही दिवस स्टीलचा एक तांब्या असायचा. तो मी ठेवला होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी लपवत होतो. आणि लपवायचा प्रयत्न मी एकदा केलेलाच आहे. पण ही हकिगत माझी नाही, विमलबाईंची आहे. माझं नाव समाधान, मी तिथे क्वालिटीत होतो, स्वभावाने चिडका म्हणून प्रसिद्ध होतो. माझ्याबद्दल एवढं पुरे.

कंपनी चाकणहून म्हाळुंग्याकडे जाताना आत वळल्यावर लागते. आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायचो. वॉशिंग मशिनचे, विजेच्या मीटरचे, आणि दवाखान्यात लागणाऱ्या यंत्रांचेही. बोर्डावरचे बारीक पार्ट मशिन बसवतं. मोठे पार्ट आणि सेन्सर मात्र बायका हाताने बसवतात आणि कथलाचा डाग देऊन पक्के करतात. विमलबाई या डाग देणाऱ्यांतल्या. खराबवाडीच्या. चाळिशीला आल्यावर नोकरीला लागल्या. त्याआधी कितीतरी वर्षं चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायच्या, आणि घरी शेण, भांडी, खुरपं चालू होतंच. त्यांचे हात कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारखे झालेले होते, कोरडे आणि कुरकुरीत. पण ते हात एकदा कामाला बसले की बघत राहावं. त्या डावखुऱ्या होत्या. लहानपणी त्यावरून मार खाल्लेला. आमच्याकडे मात्र त्यांचा डाग किंचित दुसऱ्या अंगाला कललेला असायचा, आणि शंभर बोर्डांच्या ढिगातून त्यांचा बोर्ड मी स्टिकर न बघता काढून दाखवायचो. स्टिकरवर त्यांचा नंबर असे, सतरा.

नवीन माणसं भरती झाली की त्यांना स्टॅटिकचं ट्रेनिंग देणं हे माझं काम. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की विद्युतभार साठतो, हे शाळेत सगळ्यांनी कंगव्याने कागदाचे कपटे उचलून पाहिलेलं असतं. आमच्या कामात तो कंगवा म्हणजे आपण. पॉलिएस्टरचे कपडे, रबरी तळव्याची चप्पल, गुळगुळीत फरशी. चार पावलं चाललं की अंगावर हजार-दोन हजार व्होल्ट सहज जमतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तीन हजारांच्या आसपास गेले तर कुठे बोटाला चिमटा बसतो. आणि ज्या चिपला आपण हात लावणार, ती शंभर व्होल्टनेही खलास होऊ शकते. त्यात वाईट म्हणजे ती लगेच मरेलच असं नाही. कधी आतून अर्धी जळते, टेस्टिंगला पास होते, गिऱ्हाइकाकडे जाते आणि सहा महिन्यांनी, आठ महिन्यांनी मान टाकते.

हे सगळं मी फळ्यावर आकृत्या काढून सांगायचो आणि पोरी जांभया द्यायच्या. विमलबाई नव्याने लागल्या त्या वर्षी मागच्या बाकावरून त्यांनी हात वर केला.

"म्हंजी भाऊ, लोखंडाला एका टोकाला दिलं तर त्ये सगळ्या अंगभर पसरतं. आन् जमिनीला टेकलं की निघून जातं. व्हय ना?"

"हो."

"आन् प्लास्टिक जिथं घासलं तिथंच धरून बसतं. वायर जोडली तरी सोडत न्हाई."

"बरोबर. म्हणून प्लास्टिकसाठी आपण वेगळा पंखा लावतो, तो हवेतून भार घालवतो."

"आन् माणूस?"

"माणूस लोखंडासारखा. जमिनीशी जोडला की सोडून देतो. म्हणून मनगटाला पट्टा."

"आमच्या नणंदबाईला तुमी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या प्लास्टिकच हायेत."

सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून कंपनीत मनात धरून ठेवणाऱ्या माणसाला 'प्लास्टिक' म्हणायची पद्धत पडली. माझ्याही पाठीमागे मला तसं म्हणायचे, मला ठाऊक आहे. पण त्यानंतर वाहक आणि रोधक मला कधी फळ्यावर समजावून सांगावं लागलं नाही. नवीन पोरींना विमलबाईच सांगायच्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगायच्या.

आता तांब्याचं.

असेंब्लीच्या दाराशी एक टेस्टर असतो. मनगटाला धातू विणलेला पट्टा बांधायचा, त्याची वायर टेस्टरला लावायची आणि पत्र्यावर बोट दाबायचं. अंगातला भार पट्ट्यातून जमिनीत जातोय का, ते टेस्टर बघतो. हिरवा दिवा लागला तर आत जायचं, लाल लागला तर नाही. ही तपासणी शिफ्टच्या सुरुवातीला एकदाच. विमलबाईंना रोज लाल. हात इतके कोरडे की कातडी आणि पट्टा यांचं जुळायचंच नाही. त्यासाठी एक खास मलम येतं, वीज वाहून नेणारं. ते चोळलं की तीन-चार तास हात ओलसर राहतो. घरचं व्हॅसलीन, खोबरेल चालत नाही, ते बोर्डाला लागलं की डाग धरत नाही. तर ते मलम विमलबाई रोज चोळायच्या, पाच मिनिटं थांबायच्या, हिरवा दिवा लावून आत जायच्या.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते मलम संपलं. खरेदीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला दोन दिवसांत येतंय. आणि एप्रिलची हवा तुम्हाला माहीतच आहे, ओठ फुटतात. पहिल्या दिवशी विमलबाई दारात वीस मिनिटं उभ्या होत्या. लाल, लाल, लाल. दुसऱ्या दिवशीही तेच. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस येऊन म्हणाला, मावशी, आत जाता येत नसेल तर घरी जा, खाडा लावतो. त्या माझ्याकडे आल्या.

"भाऊ, दारातनं परत पाठवू नका. ह्यांचा दवाखाना चालू हाय."

आतमध्ये दवाखान्याच्या यंत्रांची ऑर्डर अडकली होती. ऑक्सिजन बनवणाऱ्या यंत्राचे बोर्ड. त्यातला सेन्सर लावायला विमलबाईंसारखा हात दुसरा नव्हता, आणि वरून दर तासाला फोन येत होता. मी पँट्रीत गेलो, स्टीलचा तांब्या घेतला, पाण्याने भरला आणि टेस्टरशेजारच्या स्टुलावर ठेवला. म्हटलं, मनगट आणि बोटं बुडवा आणि लावा. हिरवा दिवा लागला.

ओला हात चार्ज वाहून नेतो, यात काही खोटं नाही. पण पाणी वाळतं. सात वाजता आत गेलेल्या बाईचा हात नऊच्या चहाआधी पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि पट्टा मनगटावर असून नसल्यासारखा. हे मला माहीत होतं. हे माहीत असण्याचाच पगार मी घेत होतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे, म्हणून मी गप्प बसलो. मलम यायला अकरा दिवस लागले. तेवढे अकरा दिवस तो तांब्या दाराशी होता. बाकीच्या पोरीसुद्धा गंमत म्हणून त्यात बोटं बुडवून, देवळात शिरल्यासारख्या आत जायच्या.

मलम आलं, तांब्या परत पँट्रीत गेला, मी विसरलो. मला स्वतःचा राग येतो तो इथे. चूक करणं वेगळं. मी साफ विसरलो.

विमलबाईंचे यजमान मुरारी. बावीस वर्षं भोसरीच्या एका फाउंड्रीत साचे बनवायचे काम. साच्याची ती बारीक वाळू छातीत बसत गेली. खोकला म्हणता म्हणता दोन्ही फुप्फुसं दगड झाली. त्या वर्षी मेअखेर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी ऑक्सिजन लावा, दिवसाचे सोळा-अठरा तास तरी. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र मिळतं, विजेवर चालतं, ते घ्या.

विमलबाई दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर काळजी होती, पण बोलताना एक वेगळाच रुबाब होता.

"भाऊ, आपण ज्याचे बोर्ड बनवतो त्येच मशिन पायजे. दुसरं नको. त्यात काय घातलंय ते मला ठावं हाय."

मी गिऱ्हाइकाच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. सवलतीत द्या म्हटलं, आपली बाई आहे. आणि वर, मोठा शहाणा मी, असंही म्हटलं की गोदामात पडलेलं नको, अगदी नवीन लॉटमधलं द्या.

मशिन आलं त्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. खराबवाडीत दोन खोल्या, पुढे ओटा, दारात कढीपत्ता. विमलबाईंनी मशिनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नळी नाकाला लावून मुरारी कॉटवर बसले. माणूस नुसता हाडं राहिला होता, पण जीभ जागेवर होती.

"समाधानभाऊ," ते म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं झाली. हिच्या मुठीत हुतोच. आता श्वासबी हिच्याच हातचा."

"मग नीट वागा," विमलबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो. त्या हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांच्या गालाला खळी पडते.

मशिन आठ महिने चाललं. पावसाळा गेला, थंडी गेली. मुरारींना थोडं बरं वाटायला लागलं होतं. ओट्यापर्यंत यायचे, लांब नळी ओढत. विमलबाई पहिल्या शिफ्टला सातला यायच्या, साडेतीनला सुटायच्या. तेवढा वेळ ते एकटे. दाराआड एक छोटा सिलिंडर ठेवला होता, लाइट गेली तर लावायला. लेक तेजल राजगुरुनगरला दिलेली, ती आठवड्यातून एकदा येऊन जायची.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मशिन बंद पडलं. लाइट होती. पंखा चालू होता. मशिन तेवढं बंद. बिघाड झाला की त्याचा भोंगा वाजतो, पण तो भोंगा वाजवणारा भागही त्याच बोर्डावर असतो. मुरारींनी फोन लावला. अकरा दहाला, अकरा चौदाला, अकरा पंधराला. आमच्याकडे असेंब्लीत फोन न्यायला बंदी आहे. सगळ्यांचे फोन दाराशी कप्प्यांत, टेस्टरच्या बरोबर समोर. विमलबाईंचा फोन तिथे तीनदा वाजला असेल. आत आवाज येत नाही, आणि कप्पे शिफ्ट सुटल्यावरच उघडतात.

साडेतीनला त्यांनी फोन हातात घेतला. रिक्षा करून गेल्या. मुरारी दाराआड सिलिंडरपाशी पडलेले होते, एक हात सिलिंडरच्या चाकावर. तिथवर पोचले होते बिचारे, पण चाक फिरवायला दम राहिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तसेही फार तर वर्षभर काढलं असतं. असं म्हणणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो. वर्ष म्हणजे काय थोडं असतं? ओट्यावर बसायचं एक वर्ष, बायकोची चेष्टा करायचं एक वर्ष.

विमलबाई रडल्या नाहीत. दहाव्याला मी गेलो होतो, तेजल रडून रडून बेजार झाली होती, आणि या आल्या-गेल्याला पाणी देत होत्या. तेरावं झाल्यावरही कामाला आल्या नाहीत. महिना झाला तेव्हा मी घरी गेलो. मशिन कॉटजवळ तसंच होतं, वरचं कुंकू वाळून पोपडे धरलेलं.

"घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "उघडून बगा. मला एवढंच कळू द्या, माझ्या हातानं झालं का."

"विमलबाई, मशिन आहे, कशानेही बंद पडतं."

"कशानं ते सांगा. तवर मी कामाला न्हाई यायची. ह्या हातानं पुन्हा काय करावं ते मला सुदरत न्हाई."

तेजल आतून म्हणाली, "आई, सोड ना आता." त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी मशिन निगडीला माझ्या घरी आणलं. आतला बोर्ड काढला. उलटा करून बघायच्या आधीच मला कळलं होतं, डाग दुसऱ्या अंगाला कललेले होते. स्टिकरवर सतरा. शेजारी तारखेचा शिक्का. एप्रिल, दुसरा आठवडा.

मग मीटर लावून एकेक पिन तपासली. विजेकडून आत येणारा सगळा भाग ठणठणीत होता. सेन्सर जिथे जोडला जातो, त्या पायाशी चिप आतून गेली होती. स्टॅटिकने गेली असं शंभर टक्के कोणीच लिहून देणार नाही. पण तशा मेलेल्या चिपा मी पंधरा वर्षं बघत होतो. एप्रिलमधल्या त्या दिवशी दुपारी कधीतरी, वाळलेल्या हाताच्या एका बाईने पार्टला बोट लावलं होतं. तिला चिमटासुद्धा जाणवला नसेल.

मी ठरवलं की खोटं सांगायचं. त्या वेळी मला तो मोठेपणा वाटला. कंपनीच्या भंगारातून त्याच जातीचा एक बोर्ड आणला, त्याच्या वीज येण्याच्या टोकाला सोल्डरिंगची कांडी टेकवून काळं केलं. विमलबाईंच्या बोर्डावरचा सतरा नंबरचा स्टिकर सोलून त्याच्यावर चिकटवला. पुढच्या रविवारी खराबवाडीला गेलो. ओट्यावर बसलो आणि पाठ करून आणलेलं बोललो.

"हे बघा, लाइटचा झटका आलाय बाहेरून. इथे जळलंय. तुमचं काम इथे आहे, सेन्सरपाशी. ते जसंच्या तसं आहे. तुमच्या हाताने काही झालं नाही."

त्यांनी चष्मा लावला. बोर्ड घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील, आणि एकदाचं मोकळं होईल.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे माझे डाग न्हाईत."

मी बोर्ड परत घ्यायला हात पुढे केला.

"हे उजव्या हाताचे हायेत. पुनमचे असत्याल, ती कथील जास्त घालती." त्यांनी बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला. "माझा बोर्ड कुठाय?"

शंभरातून त्यांचा बोर्ड मी ओळखायचो, हे मिरवत होतो इतकी वर्षं. तो त्यांनाही ओळखता येत असेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. खरा बोर्ड माझ्या पिशवीत होता. का बरोबर आणला होता, मला सांगता यायचं नाही. मी काढून पुढे केला. मेलेल्या बोर्डाला हात लावायच्या आधीसुद्धा त्यांनी सवयीने खिडकीच्या लोखंडी गजाला हात टेकवला, अंगातलं काय असेल ते तिथे सोडलं, आणि मग बोर्ड घेतला. तारीख वाचली.

"तांब्याच्या दिवसांतला," त्या म्हणाल्या.

"हो."

मग मी सगळं बोललो. पाणी वाळतं हे मला माहीत होतं, खरेदीवाल्याशी भांडायला हवं होतं, लाइन बंद पाडायला हवी होती, नवीन लॉटचं मशिन मीच मागितलं होतं. बोलता बोलता मीच हमसून रडायला लागलो. त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "चहाच्या आदीच हात वाळायचा. तुमीच शिकवलं हुतं की, वाळला की पट्ट्याचा उपेग न्हाई. म्या पोरींना शिकवत हुते त्ये. आन् मी मुकाट बसायचे. उठून पुन्हा दाराशी गेले तर लाइनवरचा साहेब वराडायचा. दिवसाला दोनदा तरी हात भिजवून यायला पायजे हुतं. न्हाई आले."

"तुमची चूक नाही ती."

"हाय. तुमचीबी हाय." आवाज चढला नव्हता. "पण आत्ता खोटं कुणासाठी बोललात?"

"तुमच्यासाठी."

"न्हाई, भाऊ."

ओट्यावरून रस्ता दिसत होता. कंपन्यांच्या बसेस पोरांना घेऊन दुसऱ्या शिफ्टला निघाल्या होत्या. त्या तिकडे बघत होत्या. मी उठावं की बसावं, कळत नव्हतं. ज्या प्रश्नाला मी भीत होतो तो होऊन गेला होता, असं मला वाटत होतं.

"त्या अकरा दिवसांत म्या किती बोर्ड केले?"

मी हिशेब केला. "रोजचे वीस. दोनशे वीस."

"एक ह्यो." त्यांनी स्वतःच्या मांडीवरच्या बोर्डावर हात ठेवला. "बाकीचे कुठं हायेत?"

खरं सांगतो, मला हे सुचलंच नव्हतं. बोर्ड उघडला त्या क्षणापासून मी फक्त दोन माणसांचा विचार केला होता, त्यातही एकाचाच जास्त.

"असतील... कोणाकोणाच्या घरी चालू असतील."

"कुणाकुणाच्या घरी," त्या म्हणाल्या. "आन् तिथलीबी बाई कामाला गेली असंल."

आणि तेव्हा त्या रडल्या. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा. पदर तोंडाशी न नेता, सरळ बसून, समोर बघत. तेजल धावत बाहेर आली. मी तिथून उठलो, कारण मला तिथे बसायचा हक्क राहिला नव्हता.

सोमवारी मी रिपोर्ट लिहिला. त्यात तांब्या लिहिला, तारखा लिहिल्या, माझं नाव लिहिलं. विमलबाईंचं नाव मी गाळलं होतं. त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, माझंबी घाला, नंबर घाला, न्हाईतर त्यांना बोर्ड कसे सापडतील. नंबर घातला. साहेबांनी रिपोर्ट वाचून टेबलाच्या खणात ठेवला. एका चिपवरून काही सिद्ध होत नाही म्हणाले, आणि ते चुकीचंही नव्हतं. मग मी तो परस्पर गिऱ्हाइकाच्या कंपनीला पाठवला. त्यांनी मात्र मनावर घेतलं. दोनशे एकोणीस मशिनांची यादी काढली, दवाखान्यांना, दुकानदारांना फोन केले, बोर्ड बदलून द्यायला माणूस पाठवला. माझी नोकरी त्याच महिन्यात गेली. विमलबाईंचं नाव कॉन्ट्रॅक्टरने यादीतून काढलं. त्यांना तसंही जायचं नव्हतं. त्या पुन्हा चाकणला कांदा निवडायला जातात.

मी आता तळवड्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. दाराशी टेस्टर आहे, आणि मलमाच्या दोन ट्यूबा मी माझ्या पैशाने कपाटात ठेवतो. एक संपायच्या आत दुसरी आणतो. पोरं हसतात.

बदललेले जुने बोर्ड गिऱ्हाइकाकडे जमा होतात. तिथल्या त्या ओळखीच्या माणसाकडून मी आकडा घेतो. आलेल्यांतले सहा आतून दुखावलेले निघाले, अजून चालू होते, पण फार दिवस टिकले नसते. हे मी विमलबाईंना सांगितलं, त्यांना थोडा आधार वाटेल म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि लगेच पुढचं विचारलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन येतो. माझी विचारपूस करतात, तेजलला दिवस गेलेत ते सांगतात. मागे बाजारातली माणसं ओरडत असतात, वजनकाट्याचा आवाज येतो.

"किती आले, भाऊ?"

या महिन्यात एक आला, जुन्नरकडून. कुणा म्हातारीचं मशिन होतं, ती बरी आहे, तिच्या सुनेने पाठवला. मी तेवढं सांगितलं. मग त्यांना हवा असतो तो आकडा सांगितला. दोनशे आले. अजून एकोणीस यायचे आहेत.